मिस्त्रीच्या नावाचं लोखंड

गयाबाईंना काही विचारलं तर उत्तर लगेच मिळत नसे. ऐरणीवर लोखंड असेल तर त्या घण मारत राहायच्या. लोखंड काळं पडून पुन्हा भट्टीत गेलं, की दंडानं कपाळ पुसायच्या आणि मग मघाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या. तोवर विचारणारा बहुतेक वेळा प्रश्न विसरलेला असे. नायगावच्या शाळेत रुजू व्हायला आले त्या दिवशी बसस्टँडवरून चालत येताना मी त्यांना विचारलं, "मावशी, इथं कुठं खोली मिळेल का भाड्यानं?" आणि हातातली बॅग खाली न ठेवता उभी राहिले. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, बाईला ऐकू येत नसावं. मी निघणार एवढ्यात घण जमिनीला टेकला आणि त्या म्हणाल्या, "हाय की. आमच्या पाठीमागचीच हाय. पर आवाज सोसंल का तुमाला?"

मला तो आवाज दहा वर्षं सोसला. आता देगलूरच्या घरात सकाळी शांत असतं, आणि तीच शांतता कधीकधी सोसत नाही.

मी उदगीरची, किराणा दुकानदाराची मुलगी. बाई घण मारते हे मी नायगावात पहिल्यांदा पाहिलं. घिसाड्यांमध्ये ते नेहमीचंच. नवरा डाव्या हातातल्या सांडशीनं तापलेलं लोखंड ऐरणीवर धरतो, उजव्या हातातल्या लहान हातोडीनं एक टिचकी मारतो, आणि टिचकी जिथं पडली तिथं बायको घण घालते. लोखंडाचं काय करायचं ते टिचकी मारणारा ठरवतो, म्हणून मिस्त्री तो. घण मारणारीला कुणी मिस्त्री म्हणत नाही. गयाबाई अंगानं काटकुळ्या होत्या, पण खांदे पुरुषासारखे रुंद. लुगड्याचा काष्टा घट्ट, हातभर गोंदण, आणि उजव्या पंजाला इतके घट्टे की त्या भाकरी तव्यावरून हातानंच उलटायच्या.

त्यांचे यजमान मारोतीमामा. सगळा तालुका त्यांना मिस्त्री म्हणायचा, आणि गयाबाईसुद्धा मिस्त्रीच म्हणायच्या. "मिस्त्री जेवला का?" "मिस्त्रीला उसण भरलीय." मामा हळू बोलणारे, अंगानं लहानखुरे. ट्रकच्या कमानीच्या पाट्यांतून ते असे विळे काढायचे की एका पातीला तीन हंगाम धार टिके. बाजारात कारखान्याचे तयार विळे आले होते, स्वस्त आणि चकचकीत, तरी शेतकरी आधी मिस्त्रीकडं डोकावायचे. नवरा-बायकोत काम करताना बोलणं नसे. टिक, ठण्ण. टिक, ठण्ण. भांडण झालेलं असलं तरी ताल चुकत नसे. उलट त्या दिवशी काम जास्त व्हायचं, असं गयाबाईच सांगायच्या.

भांडणाबद्दल त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. एकदा मुख्याध्यापकांवर चिडून मी घरी येऊन तक्रारीचा अर्ज लिहायला बसले. त्या खिडकीतून म्हणाल्या, "आज लिहू नका बाई. गार होऊ द्या. गार झाल्यावर दिसतंय कुठं चिरलंय ते." मी अर्ज लिहिला नाही. दोन दिवसांनी ध्यानात आलं, की चूक अर्धी माझीच होती. तसं सांगितलं तर त्या नुसत्या हसल्या. त्यांच्या पुढच्या दोन दातांत फट होती, आणि हसताना त्या पदर तोंडाशी न्यायच्या.

त्यांना एकच मुलगी, सुमन. ती लहानपणापासून लातूरला गयाबाईंच्या भावाकडं शिकायला होती, सुट्टीत येऊन जायची. भट्टीच्या धुरात पोरगी वाढवायची नाही, हे दोघांनी फार आधी ठरवलेलं होतं.

माझं तिसरं वर्ष असेल. एका सकाळी मागच्या खिडकीशी चहा घेत उभी होते, तर भट्टीपाशी बोलणं ऐकू आलं. मामा विचारत होते, "कसा हाय?"

"बोर," गयाबाई म्हणाल्या.

"थांब. आता?"

"शेंदूर."

"काढ."

मला गंमत वाटली. काहीतरी त्यांच्यातला खेळ असेल. मग रोजच ते कानावर यायला लागलं. लोखंडाच्या कामात सगळं रंगावर असतं, हे मला तोवर थोडंफार कळलं होतं. पातं घडवून झालं की ते तापवून पाण्यात बुडवायचं, त्याला पाणी पाजणं म्हणतात. रंग पिकल्या बोरासारखा असताना बुडवलं तर एक, शेंदरी झाल्यावर बुडवलं तर दुसरं. थोडं कमी तापलं तर पातं मऊ राहून धार वळते, थोडं जास्त तापलं तर काचेसारखं फुटतं. तो रंग ओळखणं म्हणजेच मिस्त्रीपण. मग मामा बायकोला रंग का विचारत होते?

त्याच आठवड्यात मी त्यांना चहाचा कप दिला, आणि त्यांचा हात कपाच्या बाजूनं निघून गेला.

मी गयाबाईंना विचारलं, "मामांच्या डोळ्यांना काही झालंय का?" त्या दिवशी लोखंड काळं पडलं, भट्टी विझली, तरी उत्तर आलं नाही. रविवारी दुपारी त्या माझ्या दारात आल्या, धुतलेलं लुगडं नेसून. "बाई, उद्या रजा काढता का? नांदेडला येता का आमच्यासंगं, कागद वाचायला?"

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांच्या शिरा जवळजवळ वाळून गेल्या होत्या. एवढ्या उशिरा का आलात, असं ते रागावून म्हणाले, आणि मग रागावून उपयोग नाही हे त्यांनाही जाणवलं असावं. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेला धूसर उजेडही काही महिन्यांचाच होता. मी ते वाचून, समजावून सांगितलं. मामा मान हलवत राहिले. गयाबाईंनी एकच विचारलं, "भट्टीच्या उजेडानं झालं का?" डॉक्टर म्हणाले, तसं नाही, हा आजार कुणालाही होतो. ते ऐकून त्यांनी मोठा श्वास सोडला. त्यांच्या मनात काय होतं ते मला नंतर कळलं. भट्टीचा पंखा त्याच फिरवायच्या, जाळ त्याच वाढवायच्या. आपणच नवऱ्याचे डोळे जाळले, असं त्यांना इतके महिने वाटत आलं होतं.

परतीच्या बसमध्ये मामा खिडकीशी बसले होते. नायगाव जवळ आल्यावर ते म्हणाले, "बाई, गावात कुणाला बोलू नका."

"मामा, यात लाज कसली?"

"लाज न्हाई. पोट हाय. डोळ्याबिगर लोहाराकडं विळा कोण टाकीन?"

गयाबाई म्हणाल्या, "सुमनला बी न्हाई. तिची सोयरीक चालू हाय. बाप आंधळा म्हणल्यावर लोक दहा बोलत्याल."

मी शब्द दिला. देताना वाटलं, महिन्या-दोन महिन्यांची गोष्ट आहे, पुढं कळेलच सगळ्यांना. सुमनचं लग्न त्याच वर्षी लातूरला झालं. गुपित मात्र सहा वर्षं टिकलं.

मामांनी काळा चष्मा घेतला. धुरानं डोळे चुरचुरतात, असं सांगितलं, आणि लोहाराच्या बाबतीत ते कुणालाही पटलं. शेडमधलं पाऊल न् पाऊल त्यांना पाठ होतं. ते आपल्या जागी बसलेले असले की कुणाला शंका यायची नाही. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांना गयाबाईंच्या तोंडून ऐकूनही काम जमेना. रंग सांगता येतो, पण लोखंड कुठं जाड राहिलं, कुठं वाकलं, हे दर क्षणाला कोण सांगणार? शेवटी एका सकाळी गयाबाई ऐरणीच्या पलीकडून उठल्या, नवऱ्याच्या हातातली सांडशी घेतली आणि घणाचा दांडा त्यांच्या हातात दिला.

आता टिचकी त्या मारायच्या आणि आवाजावर मामा घण घालायचे. मी मागच्या खिडकीतून जीव मुठीत धरून पाहायची. पहिल्या पंधरा दिवसांतच एकदा घण चुकला आणि सांडशीवरून घसरून गयाबाईंच्या डाव्या हाताच्या बोटांवर आला. दोन बोटं चेचली. मी हळद भरून पट्टी बांधली, आणि डॉक्टरकडं नेलं तिथं त्यांनी दार लागलं म्हणून सांगितलं. मामांनी घण टाकला तो टाकलाच. चार दिवस ते भिंतीकडं तोंड करून बसून होते. पाचव्या दिवशी गयाबाईंनी त्यांचा हात धरून ऐरणीवर ठेवला, तिच्या कडांवरून फिरवला आणि म्हणाल्या, "हिथं ऐरण. हिथं मी. तीस वर्सं मी तुमच्या हातापाशी घण मारला, तवा तुमी हात काढून घेतला का? मारा."

त्यांनी मारला.

तेव्हापासून त्यांनी नवा नियम केला, काम ठेवून जायचं आणि पुढच्या बाजाराला न्यायचं. पूर्वी शेतकरी समोर बसून विळा करून घेत. आता "मिस्त्रीची पाठ धरलीय, थांबून व्हायाचं न्हाई," असं गयाबाई सांगायच्या. खरं काम सूर्य उगवता उगवता व्हायचं, रस्त्याच्या बाजूला बारदान टांगून. बाजाराच्या दिवशी मात्र बारदान काढलेलं असे. मामा सांडशी घेऊन आपल्या जागी बसत आणि गयाबाई घण घेऊन समोर. एकच जुना पाटा तापवून ते उगाच ठोकत राहत. बघणाऱ्याला वाटावं, मिस्त्रीचं चाललंय बरं. त्या पाट्याचं कधीच काही झालं नाही. तो दर आठवड्याला थोडा चपटा होत गेला.

घडवणं गयाबाईंनी लवकर उचललं. तीस वर्षं समोर उभं राहून सगळं पाहिलेलंच होतं. पाणी पाजणं मात्र जमेना. पहिले सात-आठ विळे तडकले. मामा प्रत्येक पात्यावरून अंगठा फिरवत, नखानं टिचकी मारून कानाशी धरत आणि सांगत, "ह्याला घाई झाली." "हे टोकाशी कच्चं हाय." कधी रागावत नसत. तडकलेले तुकडे त्या पुन्हा भट्टीत टाकत. एकदा मी म्हणाले, "दमलात?" उत्तर लोखंड काळं पडल्यावर आलं. "दमायला काय. मला लोखंड दिसतंय, मिस्त्रीला कळतंय. दोघांचं मिळून एक मानूस झालंय, त्यानं दमावं कशाला?"

वर्षभरात पाणी बसलं. चांगलं बसलं. बालाजी पाटील म्हणून जवळच्या वाडीचे एक शेतकरी होते, मिस्त्रीचे फार जुने गिऱ्हाईक. ऊस तोडणीच्या हंगामानंतर ते मुद्दाम सांगायला आले. "मिस्त्री, औंदाच्या कोयत्याला तोड न्हाई. वयानं तुमचा हात पिकून राहिला."

गयाबाई घणाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि म्हणाल्या, "हाव. मिस्त्रीचा हातच तसला हाय."

पाटील गेले. मामा कितीतरी वेळ चष्म्याआडून रस्त्याकडं बघत बसले. संध्याकाळी मी पाणी भरायला गेले तेव्हा ते मला म्हणाले, "बाई, माज्याच नावाची मला लाज वाटून राहिलीय." गयाबाई आतून ऐकत होत्या. भाकरीचं पीठ मळता मळता म्हणाल्या, "अंगठा कुनाचा फिरतो पात्यावर? माझा का? मग गप बसा." पण त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळंच तेज होतं. कौतुक त्यांच्या कानापर्यंत पोचलं होतं, दुसऱ्याच्या नावानं का होईना. तेवढ्यावर त्या खूश होत्या की मनात काही सलत होतं, हे मी शेवटपर्यंत विचारलं नाही.

मामा गेले ते थंडीत, दुपारी. जेवून भिंतीला टेकून बसले होते, तसेच कलले. गयाबाईंनी हाक मारली, आणि दुसरी हाक मारलीच नाही. तोंडावरचा चष्मा काढून त्यांचे डोळे हातानं मिटले. मला म्हणाल्या, "लई दिसानं चष्मा काढला बगा मिस्त्रीचा."

तेराव्यानंतर त्यांनी भट्टी पेटवली. घण मारायला माणूस नव्हतं, पण विळे, खुरपी अशी हलकी कामं एकट्यानं हातोडीवर होत होती. पाणी पाजणं तर आता त्यांच्याइतकं पंचक्रोशीत कुणाला येत नव्हतं. मला वाटलं होतं, गाडी हळूहळू रुळेल.

पहिल्या बाजाराला लोक आले ते आपली अवजारं परत न्यायला. समाचार घ्यायचे, चहा घ्यायचे, मिस्त्रीच्या आठवणी काढायचे, आणि उठताना कोपऱ्यातली आपली कुऱ्हाड, आपला कोयता उचलायचे. गयाबाई म्हणायच्या, "राहू द्या की, मी करते." ते सभ्यपणानं हसायचे. एक जण म्हणाला, "घण मारनं येगळं मावशी. पानी पाजायला हुन्नर लागतं." बालाजी पाटील सगळ्यात शेवटी आले. त्यांचे तीन कोयते होते. ते हातात घेऊन म्हणाले, "मिस्त्रीसारखं पानी आता कोन पाजनार? त्याच्यासंगं गेलं ते."

मला राहवलं नाही. "पाटील, गेली सहा वर्षं हे सगळं—"

"बाई," गयाबाई म्हणाल्या, "पाटलास्नी चहा ठेवता का?"

एवढ्या शांत आवाजात म्हणाल्या, की मी उठले आणि चहा ठेवला. पाटील चहा पिऊन कोयते घेऊन गेले.

मग मी भांडले. दहा वर्षांत एकदाच. मी म्हणाले, तुमचं काम आहे, तुम्ही खोटं सांगणार नाही आहात, खरं सांगणार आहात. पोट जातंय तुमचं. आता कुणापासून लपवायचं? त्या भट्टीतली राख ओढत होत्या. ओढून झाल्यावर म्हणाल्या, "त्या मानसाला मी जित्तेपनी झाकला. आता मेल्यावर उघडा करू? उद्या बाजारात म्हनतील, मिस्त्री आंधळा होता, बायकोच्या जिवावर बसून खात होता. म्हनतील का न्हाई, सांगा."

म्हणाले असते लोक.

"आन् ते खरं बी न्हाई," त्या म्हणाल्या. "सहा वर्सं रोज शिकिवलं मला. एक दिस असा गेला न्हाई. तुमी बी शब्द दिलाय. ठिवा."

मी ठेवला. शाळेच्या बागेसाठी खुरपी घेतली, शिक्षकांना विळ्या घ्यायला लावल्या. तेवढ्यानं काय होणार? बाजारात गिऱ्हाईक होतं ते फक्त निंदणीला जाणाऱ्या बायकांचं. त्या येत राहिल्या. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईला मी एकदा सहज विचारलं, "तुम्ही कशा काय येता यांच्याकडं अजून?" तिनं खुरपं माझ्यापुढं धरलं. "ह्याची मूठ बगा. मिस्त्रीचं खुरपं हातात मावत नव्हतं, बोटं आवघडायची. पाच-सहा वर्सं झाली, मूठ बारीक झाली. बाईच्या हाताचं काम हाय ते. आमाला का ठाव न्हाई?"

"मग कधी बोलला नाहीत?"

"कशाला बोलावं? ती झाकून होती, आमी बी झाकलं."

मी हे गयाबाईंना सांगितलं. त्या पहिल्यांदाच माझ्यासमोर रडल्या. काम थांबवून, ऐरणीवर हात ठेवून, आवाज न करता. मग म्हणाल्या, "चांगल्या हायत बायका." आणि पुन्हा हातोडी घेतली.

पण नुसत्या खुरप्यांवर भट्टीचा कोळसाही निघत नव्हता. वर्ष सरता सरता खांदा धरला, उजवा हात डोक्याच्या वर जाईना. सुमन जीप घेऊन न्यायला आली. ऐरण आठ माणसांनी उचलून दुसऱ्या एका घिसाडी कुटुंबाच्या दारात नेऊन ठेवली. गयाबाईंनी पत्र्याच्या पेटीत लहान हातोडी आणि सांडशी घातली, आणि मला म्हणाल्या, "येते बाई. खोलीला नवं मानूस आलं तर सांगा, आता आवाज न्हाई." मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो लाकडासारखा जड होता.

लातूरला मी एकदाच त्यांना भेटले. सुमनच्या दोन खोल्या दुसऱ्या मजल्यावर होत्या. खाली फॅब्रिकेशनची दुकानं, दिवसभर मशीनवर लोखंड कापल्याचा चरचराट. गयाबाईंना तोवर कमी ऐकू यायला लागलं होतं. त्या गॅलरीत बसून खालच्या ठिणग्या बघत बसायच्या. मी विचारलं, "करमतं का?" बराच वेळ गेला. खाली मशीन थांबलं. मग त्या म्हणाल्या, "लोखंड तापवत न्हाईत हे लोक. थंडंच कापतात." आणि नाक मुरडलं. तेवढ्यात नातू आला, त्याच्या पाठीवर हात फिरवत बसल्या. खालच्या दुकानात त्यांनी एकदा काम मागितलं होतं, असं सुमन मला नंतर म्हणाली. दुकानदारानं हसून "आज्जी, घरी बसा" म्हटलं होतं.

गेल्या वर्षी त्या गेल्या. छातीत कफ झाला होता, आठवडाभर दवाखान्यात होत्या. सुमनचा फोन आला तेव्हा माझ्या बोर्डाच्या परीक्षेच्या ड्यूट्या चालू होत्या. दिवस होऊन गेल्यावर मी लातूरला पोचले.

सुमननं चहा केला. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. ती आईबद्दल बोलत होती, शेवटच्या दिवसांबद्दल, आई किती कमी बोलायची त्याबद्दल. मग म्हणाली, "बापू गेले तिथंच आमचं हुन्नर संपलं बाई. आईनं एक वरीस लई जोर लावला, पर तिला कुठं येत होतं? जनमभर घणच मारला बिचारीनं."

मी दोन वेळा शब्द दिला होता, एकदा बसमध्ये आणि एकदा भट्टीपाशी. ज्यांना दिला ती दोन्ही माणसं आता नव्हती. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "सुमन, तिला येत होतं."

आणि सगळं सांगितलं. नांदेडचा दवाखाना, रंग विचारणं, चेचलेली बोटं, बाजाराच्या दिवशीचं ते खोटं ठोकणं. सहा वर्षांत नायगाव तालुक्यात जे लोखंड बापूंच्या नावानं गेलं ते कुणाच्या हातचं होतं, ते सांगितलं. मला वाटलं होतं, ती आईसाठी रडेल. किंवा रागावेल, मला का नाही सांगितलं म्हणून.

"म्हंजे माझ्या लग्नात?" ती म्हणाली.

मला आधी कळलं नाही.

"मांडवात बापू समोर बसले होते. मी पाया पडले तवा वर बघून हसले. त्यांना दिसत होतं का तवा?"

नांदेडच्या डॉक्टरांचा कागद लग्नाच्या चार महिने आधीचा होता. तो मीच वाचला होता. मी म्हणाले, "नाही."

खाली मशीन चालू होतं. ते बंद होईपर्यंत ती काही बोलली नाही. मग अगदी लहान आवाजात तिनं विचारलं, "मग मी कशी दिसत होते, ते आईनं सांगितलं असंल का त्यांना?"

त्या लग्नाला मी गेले नव्हते. त्याच आठवड्यात उदगीरला माझ्या वडिलांचं ऑपरेशन होतं. आणि गयाबाई त्याविषयी माझ्याशी कधी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "मला बोलल्या होत्या तसं."

"काय सांगितलं?"

सुमनच्या पाठीमागच्या भिंतीवर तिच्या लग्नाचा फोटो होता.

"शालू हिरवा होता म्हणाल्या. काठ लाल. मुंडावळ्या जरा डावीकडं सरकल्या होत्या. हनुवटीला हळद राहिली होती, कुणी पुसली नव्हती. चुडा कोपरापर्यंत. आणि म्हणाल्या, पोरगी रडायला आलीय, पण हसून राहिलीय."

सुमननं डोळे मिटून घेतले होते. "अजून?" ती म्हणाली.

मी तिच्या खांद्यावरून फोटोकडं बघत होते, आणि जे दिसत होतं ते एकेक करून सांगत होते.